पाव आट्याचं काम

होंडाच्या तंत्रावर बनलेल्या अनेक कार्बोरेटरवाल्या गाड्यांत, फ्लोटच्या वाटीच्या जरा वर, इंजिनाच्या अंगाला एक बारीक स्क्रू असतो. त्याचं डोकं गोल, पण त्या गोलाची एक बाजू सपाट तासलेली, इंग्रजी डी अक्षरासारखी. त्याला खाच नाही, चौकडी नाही, त्यामुळे साधा पेचकस त्याच्यावर टेकतच नाही. पकडीनं धरावं तर तो खोलगट भोकात बसवलेला, एका बाजूला तापलेलं इंजिन आणि दुसऱ्या बाजूला पेट्रोलची नळी. हा पायलट स्क्रू. रेस न देता गाडी चालू असते तेव्हा इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं जे मिश्रण मिळतं, ते या स्क्रूच्या टोकाशी ठरतं. तो फिरवायला जे हत्यार लागतं ते गाडीसोबत मिळणाऱ्या टूलकिटमध्ये नसतं.

मी कळमन्यात राहतो आणि कळमन्याच्याच धान्य बाजारात एका अडतीवर हिशेब लिहितो. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड केला होता. नोकरी वेगळ्या कामाची लागली, पण हात सुटला नाही. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी घरासमोरच्या ओट्यापाशी मी गाड्यांचे कार्बोरेटर साफ करतो आणि बसवून देतो. फक्त कार्बोरेटर. क्लच प्लेट, चेन, ब्रेक यासाठी कोणी आलं तर मी गॅरेजकडे पाठवतो. जेटचे, ओ-रिंगचे पैसे घेतो, हाताचे घेत नाही. हा माझा धंदा नाही, पण याच्याइतकं मन लावून मी दुसरं काही करत नाही.

कळमन्यात या कामाला तोटा नाही. पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात धान्य, फळं, भाजी, मिरची, कांदे-बटाटे असं सगळं उतरतं आणि त्याच्या मागेपुढे हजारो दुचाक्या फिरतात. कामठी, मौदा, कुहीकडून उजाडायच्या आत माणसं येतात. परत जाताना गाडीच्या दोन्ही बाजूंना पोती, सीटवर पालेभाजीचं गाठोडं, टाकीवर टोमॅटोचं क्रेट. गाडी बहुतेक वेळा शंभर किंवा सव्वाशे सीसीची, पंधरा-वीस वर्षं चाललेली. कंपनीनं ती दोन माणसांसाठी बनवली होती. तिच्यावर इथे दोन क्विंटलच्या आसपास ओझं असतं आणि सकाळच्या गर्दीत ती फर्लांगभर पहिल्या गिअरमध्ये चालते. म्हणजे गाडीचं अर्धं आयुष्य रेस जेमतेम उघडलेली असताना जातं, आणि कार्बोरेटरचा नेमका तेवढाच भाग पायलट स्क्रूच्या ताब्यात असतो. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगानं जाणाऱ्याला हा स्क्रू थोडा चुकलेला असला तरी कळणार नाही. कळमन्याच्या गेटाशी अडकलेल्या भाजीवाल्याला तो पावलोपावली कळतो.

त्यात धूळ. सोयाबीनचा आणि तुरीचा भुसा हंगामात हवेतच असतो. लाल मिरचीची आवक सुरू झाली की त्या ओळीतून नाकाला रुमाल लावल्याशिवाय जाता येत नाही, आणि गाडीचं नाक म्हणजे तिचा एअर फिल्टर. तो कोंदला की हवा कमी येते, पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडतो. मग माणूस म्हणतो, "भाऊ, कार्बोरेटर बिघडला जी." मी आधी फिल्टर उघडतो. पुष्कळदा गोष्ट तिथेच संपते: फोम असेल तर धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन परत; कागदाचा असेल तर नवा. कोंदलेल्या फिल्टरवर स्क्रू बसवला तर फिल्टर बदलल्याच्या दिवशी सगळं पुन्हा चुकतं, म्हणून फिल्टर पाहिल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही.

या स्क्रूसाठीचं माझं पहिलं हत्यार मी स्वतःच बनवलं होतं. जुन्या ट्रान्झिस्टरच्या एरियलची पितळी नळी घेतली. एरियल एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचं असतं, त्यातली स्क्रूच्या डोक्यावर जेमतेम बसेल अशी नळी निवडली, टोक कापलं, आत एका बाजूनं तासलेला खिळा घालून वरून हातोडीनं हलकेच चेपलं. खिळा काढला की नळीचं तोंड डीच्या आकाराचं होतं. ती नळी बरंच काम करून गेली. पुढे तयार हत्यार मागवलं. त्याचा दांडा स्प्रिंगसारखा लवचीक आहे, म्हणून इंजिनाला वळसा घालून आत जातो. पुढच्या टोकाला पोलादी डीचं भोक, मागच्या टोकाला बोटांनी फिरवायची खरबरीत मूठ. त्या मुठीवर मी पांढऱ्या ऑइलपेंटचा एक ठिपका दिला आहे. ठिपका वर होता, आता उजवीकडे आला, म्हणजे पाव आटा. या कामात हिशेब पाव आट्याचा असतो, कधीकधी त्याच्याही अर्ध्याचा, आणि तो नुसत्या अंदाजावर सोडण्यासारखा नाही.

या हत्यारावाचून घरी बसून हे काम होत नाही. पण हत्यार मिळालं म्हणजे काम आलं असंही नाही. घरी काम करण्याचा मला जो खरा फायदा दिसतो तो हा की इथे थांबता येतं. गॅरेजवाल्याच्या दारात सहा गाड्या उभ्या असतात. आलेली गाडी रस्त्यावरून तापून आलेली असते; तो कानानं स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या गतीनं फिरतं ती, धरतो, रेसचा स्क्रू थोडा वर चढवतो, गाडी बंद पडेनाशी होते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. त्याला मी नावं ठेवत नाही. त्याचं पोट दिवसाला किती गाड्या निघाल्या यावर आहे. पण वर चढवलेल्या रेसनं मिश्रणाचा दोष झाकला जातो, जात नाही. गाडी सिग्नलवर उगाच भरभरत राहते, पेट्रोल खाते, उतारावर आवरत नाही. मिश्रण बसलं आहे की नाही हे कळायला गाडी तीनदा पाहावी लागते: पहाटे गार असताना, भर दुपारी तापलेली असताना आणि ओझं घेऊन. इतका वेळ कुठलंही गॅरेज देऊ शकणार नाही. शेजारी राहणारा माणूस देऊ शकतो.

काम कसं चालतं ते सांगतो. गाडी आधी रेल्वे स्टेशनाच्या बाजूनं एक चक्कर मारून पूर्ण तापवायची. मग मोकळ्या जागेत उभी करायची. बंद खोलीत हे काम करूच नये, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन बंद करून हत्यार स्क्रूवर बसवायचं आणि स्क्रू आत फिरवत न्यायचा, आटे मोजत. आत टेकला की बोटाला कळतं. तिथेच थांबायचं. स्क्रूचं टोक सुईसारखं निमुळतं असतं. जोर लावला तर ते भोकात रुतून बसतं किंवा तुटतं, आणि मग शंभर रुपयांचं काम हजारावर जातं. जितके आटे मोजले तितके वहीत लिहायचे, गाडीच्या नावासमोर. स्क्रू पुन्हा होता तिथे आणून गाडी सुरू करायची.

या जातीच्या शंभर सीसीच्या गाड्यांचं स्लो मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांवर असतं. मी प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मीटर वापरतो, तो फेऱ्या दाखवतो. कान महत्त्वाचा आहेच, पण कान दिवसभराच्या गोंगाटानंतर दमलेला असतो आणि १४०० व १५०० मधला फरक त्याला दर वेळी सांगता येत नाही. आता स्क्रू पाव आटा बाहेर. थांबायचं. इंजिन लगेच उत्तर देत नाही. फेऱ्या वाढल्या तर आणखी पाव आटा. असं करत जिथे फेऱ्या सगळ्यात जास्त होतात ती जागा शोधायची, मग रेसच्या स्क्रूनं फेऱ्या पुन्हा १४०० वर आणायच्या. त्यानंतर पायलट स्क्रू हळूहळू आत, फेऱ्या शंभरनं पडेपर्यंत. तिथून बाहेर किती आणायचा याचा आकडा कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात गाडीगणिक वेगळा दिलेला असतो. कुठे अर्धा आटा, कुठे एक. शेवटी स्लो पुन्हा जागेवर.

यात एक गोष्ट पक्की माहीत हवी. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो, बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं. यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या गाड्यांच्या मिकुनी कार्बोरेटरवर तो फिल्टरच्या बाजूला असतो आणि फक्त हवा सोडतो. तिथे बाहेर फिरवला की पेट्रोल कमी होतं. दोन्हींची दिशा उलटी. शिकणाऱ्या पोराला मी हत्यार हातात देण्याआधी हेच विचारतो: स्क्रू कुठल्या अंगाला आहे?

ज्यांच्या घरी रॉकेलचा वातीविना स्टोव्ह होता त्यांना मिश्रण म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. भोकात कचरा आला की ज्योत उडायची, हवा कमी पडली की पिवळी होऊन भांडं काळं करायची. पिन मारून, पंप करून ती निळी आणावी लागायची. सिलिंडरच्या आत तेच चाललेलं असतं, फक्त दिसत नाही. परदेशात काचेचा प्लग मिळतो, तो मूळ प्लगच्या जागी लावला की आतली ज्योत दिसते: पिवळी म्हणजे पेट्रोल जास्त, निळी म्हणजे बरोबर. माझ्याजवळ तो नाही. मी रेस देऊन एकदम सोडतो आणि पाहतो. फेऱ्या रेंगाळत खाली आल्या तर पेट्रोल कमी पडतं आहे. एकदम खाली दबून, मरता मरता सावरल्या तर जास्त होतं आहे. सरळ खाली येऊन जागेवर थांबल्या तर बसलं.

मागच्या मे महिन्यात ओळीतल्या भाजीवाल्या काकांची सव्वाशे सीसीची गाडी माझ्याकडे आली. काका पहाटे यार्डातून माल उचलतात आणि पारडी, भरतवाडा या भागांत दारोदार विकतात. म्हणाले, "सकाळी काहीच नाही होत बाप्पा. अकरा वाजले का चौकात बंद पडून राहते. मंग किक मारू मारू पाय दुखते. आणि गाडीवर माल हाये, उतरून लोटू बी नाही शकत." दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. दोन्ही ठिकाणी स्लो वाढवून मिळालं होतं, आणि खरंच, ती गाडी ओट्यापाशी उभी असताना ट्रॅक्टरसारखी धडधडत होती.

मी त्यांना दुसऱ्या दिवशी माल विकण्याच्या मधल्या वेळेत, पोत्यांसकट यायला सांगितलं. दुपारी एकचा सुमार, नागपूरचा मे, पारा पंचेचाळिसाच्या घरात. गाडीला हात लावला तरी चटका. रेस सोडली की फेऱ्या रेंगाळत खाली येत होत्या. म्हणजे स्लो एवढं वर असूनही मुळात पेट्रोल कमी पडत होतं. फिल्टर ठीक होता. मग कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या इन्सुलेटरच्या सांध्यावर तेलाचे थेंब सोडून पाहिले. सांधा हवा ओढत असेल तर तेल आत खेचलं जातं आणि फेऱ्यांत फरक पडतो. तसं काही नव्हतं. तेव्हा कार्बोरेटर उतरवला. वाटीच्या तळाला पांढरी, खडूसारखी पूड साचली होती. पायलट जेट काढून आभाळाकडे धरला तर भोकातून उजेड येत होता, पण गोल नव्हे, एका बाजूनं खाल्लेल्या चंद्रकोरीएवढा. या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. त्यात जाड तार घातली तर भोक मोठं होतं आणि जेट कामातून जातो. मी जेट रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, सकाळी हवेनं फुंकून काढला आणि पितळेच्या ब्रशच्या एका केसानं आतली कडा साफ केली. पायलट स्क्रू काढला तर त्याची इवलीशी ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. ती नवी घातली.

दुसऱ्या दुपारी, त्याच उन्हात, पोती गाडीवर तशीच ठेवून स्क्रू बसवला. वहीत आधीची जागा दीड आटा होती. नवी जागा सव्वादोनला थोडी कमी. स्लो खाली आणलं. काका आवाज ऐकून घाबरले, "एवढी हळू? हे तं बंदच पडंन." मी म्हटलं, पारडीच्या चौकातून जाऊन या. ते गेले, आले, बोलले काही नाही, फक्त किकला पाय लावून दाखवला: किक मारावी लागली नव्हती. त्यानंतर डिसेंबरात एकदा पहाटेच्या थंडीत मी स्वतः त्यांच्या दारी गेलो, गार इंजिन चोक घेऊन कसं उठतं ते पाहिलं आणि स्क्रू थोडासा, आठवा हिस्सा, बाहेर घेतला. मेमधली आणि डिसेंबरमधली हवा सारखी नसते. गरम हवा विरळ असते, थंड हवा दाट. दाट हवेला पेट्रोलही जास्त लागतं. नागपुरात हा फरक पस्तीस अंशांपर्यंत जातो. वर्षभर एकच जागा चालून जाते खरी, पण ओझं वाहणाऱ्या गाडीला दोन ऋतूंना दोनदा हात लागला तर ती वेगळी चालते.

ती पांढरी पूड मात्र मला हल्ली बऱ्याच कार्बोरेटरांत दिसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि २०२५ पर्यंत तेच सगळीकडे झालं. इथेनॉल उसाचं, मक्याचं, तुटक्या तांदळाचं; शेतकऱ्याला त्याचा पैसा मिळतो आणि बाहेरून येणारं तेल कमी लागतं, ही बाजू मला मान्य आहे. पण इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीत ओल साचते आणि ॲल्युमिनियम त्यानं खाल्लं जातं. जुन्या गाड्यांच्या रबरी रिंगा आणि नळ्याही त्या पेट्रोलसाठी बनलेल्या नव्हत्या. दुसरी गोष्ट मिश्रणाची. निव्वळ पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. ई-२० ला ती साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यायला हवं, आणि कार्बोरेटर ते आपणहून देत नाही. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरकडच्या सेन्सरनं धूर पाहून संगणक इंधन वाढवतो. कार्बोरेटरचं तत्त्व १८९३ साली हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी पेटंट घेतलं तेव्हापासून तेच आहे: हवा अरुंद जागेतून जाते, तिथे दाब कमी होतो, वाटीतलं इंधन फवाऱ्यानं वर खेचलं जातं. वाटीत काय आहे हे त्याला समजत नाही. दहा वर्षांपूर्वी नीट बसवलेली गाडी आज काहीही न बिघडता उपाशी चालते. वहीत मागची पानं उलटली तर एकाच गाडीचा आकडा जुन्या पेट्रोलवर काय होता आणि आता काय आहे हे समोर दिसतं. जवळजवळ सगळ्यांचे स्क्रू बाहेरच्या बाजूला सरकले आहेत.

आता कंपनीनं असं विचित्र डोकं का दिलं, हा प्रश्न. त्याला कारण आहे आणि ते मी टाळत नाही. धुराचे नियम कडक झाले तसं कंपन्यांना खात्री द्यावी लागली की कारखान्यात बसवलेलं मिश्रण वाटेत कोणी बदलणार नाही. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या, माझ्याकडे येतात त्या वयाच्या चार-स्ट्रोक दुचाकींना पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पीपीएम ही मर्यादा आहे. कोणी पिकअपच्या हौसेनं स्क्रू उघडून ठेवला तर गाडी सहज त्याच्या वर जाते, आणि तो धूर चौकात उभ्या असलेल्या सगळ्यांच्या छातीत जातो. म्हणून बसवलेली प्रत्येक गाडी मी पीयूसीला पाठवतो, सर्टिफिकेटची मुदत उरलेली असली तरी. तो आकडाही वहीत जातो. नीट बसवलेला स्क्रू मर्यादेच्या बराच खाली राहतो, हे मी वहीतून दाखवू शकतो.

पण कुलूप लावलं की किल्ली कोणाकडे, हे ठरवावं लागतं. पेट्रोल बदललं, गाडी जुनी झाली, ओझं वेगळं, हवा वेगळी. आणि जागा मात्र कारखान्यातली. ज्याचं घर त्या गाडीवर चालतं त्याला तीच जागा पाव आटा सरकवता येऊ नये, हे मला पटत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, घरगुती यंत्रं, शेतीची अवजारं यांच्यासोबत वाहनंही आहेत. त्या हक्काचा अर्थ माझ्या ओट्यापुरता फार साधा आहे. गाडीसोबतच्या पुस्तकात स्क्रू किती आटे बाहेर असावा हे छापा, आणि पाना टूलकिटमध्ये घाला. प्लगचा पाना घालताच ना? ई-२० साठी जुन्या मॉडेलांचा बदललेला आकडाही जाहीर करा. आज प्रत्येक गॅरेजवाला तो आपापल्या अंदाजानं शोधतो आहे, आणि अंदाज चुकला की भोगतो गाडीवाला.

एकदा एका ओळखीच्यांनी राजदूत ३५० आणली होती. एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून फरिदाबादला बनवलेली यामाहाची आरडी. दोन सिलिंडर, दोन मिकुनी. तिच्यात एकेक कार्बोरेटर बसवून भागत नाही, रेस देताच दोघांच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. परदेशी चार कार्बोरेटरच्या गाड्यांना त्यासाठी व्हॅक्यूमचे घड्याळवजा मीटर लावतात. या टू-स्ट्रोकला मी दोन सारख्या जाडीचे ड्रिल-बिट घेतले, उलट्या बाजूनं एकेका स्लाइडखाली सरकवले आणि केबलचे ॲडजस्टर असे फिरवले की रेस देताच दोन्ही बिट एकदम सुटून पडावेत. एक आधी पडला की पुन्हा. दुपार त्यात गेली. असं काम कळमन्यात पुन्हा येईल न येईल, पण ती गाडी सुरू झाल्यावर दोन्ही सायलेन्सरवर हात धरला तेव्हा धुराचा दाब सारखा लागत होता, आणि तसा दिवस मला महिनाभर पुरतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेला. यार्डात नव्या गाड्या वाढत आहेत, त्यांना माझी गरज नाही आणि ते चांगलंच आहे. पण ओझ्याच्या गाड्या इतक्या लवकर बदलत नाहीत. नवी गाडी लाखाच्या घरात जाते. जुनी पंधरा-वीस हजारांत मिळते आणि पोती दोन्ही सारखीच उचलतात.

सध्या एका हमालभाऊंची शंभर सीसीची गाडी माझ्याकडे आहे. तिचा स्क्रू नीट बसला, स्लो जागेवर आहे, चौकात मरत नाही. तरी अर्ध्या रेसला चढावर ओढत नाही, आणि तो भाग स्क्रूच्या हातात नसतो. पाव रेसच्या पुढे स्लाइडमधल्या सुईचं राज्य असतं. काही गाड्यांत सुईला पाच खाचा असतात, क्लिप एक खाच खाली घातली की सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. या गाडीच्या सुईला एकच खाच आहे. तिच्यावरच्या क्लिपखाली घालायला मी पातळ पितळी पत्र्याचा वॉशर कापला आहे, अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमी. भाऊ म्हणतात, भंडारा रोडनं मौद्यापर्यंत माल घेऊन जातो आणि येतो. परत आले की गरम प्लग काढून पाहायचा. पांढरा असेल तर आणखी एक वॉशर लागेल, काळा असेल तर हाही जाड झाला.